ओढ्यावरची आठ मिनिटं

दाढी अर्धी उतरली होती तेव्हा ऑरिन टॅल्बटला आरशात तो माणूस दिसला.

गेल्या सतरा वर्षांत ऑरिनच्या हनुवटीला वारा लागला नव्हता. मंगळवारी भाचीचं लग्न होतं आणि त्याच्या बायकोनं, ड्रुसिलानं, आठवडाभर लकडा लावला होता की असलं रान माजलेलं तोंड घेऊन चर्चमध्ये माझ्या शेजारी बसायचं नाही. म्हणून शनिवारी दुपारी तंबाखूच्या वखारीतलं काम आटोपून तो एझ्रा न्हाव्याच्या दुकानात खुर्चीवर मान मागं टाकून बसला होता. एझ्रानं आधी कात्रीनं जंगल तोडलं, गरम फडक्यानं चेहरा शेकला आणि मग उजव्या गालावरून वस्तरा असा काही फिरवला की आवाजसुद्धा झाला नाही. ऑरिननं डोळे उघडले तेव्हा आरशात एकाच माणसाचे दोन अर्धे होते. एका बाजूला करड्या केसांचा चाळिशीला टेकलेला गृहस्थ, आणि दुसऱ्या बाजूला सोललेल्या कांद्यासारखा पांढरट, ओलसर, विशीतला गाल. तो गाल पाहून त्याला बरं वाटलं नाही. कुणीतरी ओळखीचं, ज्याला टाळण्यासाठी आपण रस्ता बदलतो, असं माणूस अचानक समोर यावं तसं झालं. तेवढ्यात दाराची घंटी वाजली. एक उंच माणूस आत आला, टोपी काढून खुंटीला लावली आणि मागच्या बाकावर बसला. त्याच्या कानशिलापासून जबड्यापर्यंत एक पांढरी, चकचकीत वळी गेली होती आणि वाटेत कानाची खालची पाळी घेऊन गेली होती.

ऑरिनचा श्वास एझ्राच्या मनगटाला लागला असावा, कारण एझ्रानं वस्तरा उचलून धरला. मग ऑरिनच्या ध्यानात आलं की वण चुकीच्या बाजूला आहे. आपण केलेला वार समोरून आपल्या उजव्या हाताला होता, आणि हा तर डाव्या हाताला आहे. हा तो नव्हे. जगात वण असलेली माणसं काय कमी आहेत, या शहरात तर दर चौथ्या माणसाचं काहीतरी ओढ्यानाल्यात राहिलेलं आहे. एझ्रानं पुन्हा साबणाचा फेस ओढायला सुरुवात केली. आणि चार-दोन क्षणांनी, कुणी सांगितल्यासारखं, त्याला उमगलं की आपण आरशात पाहतो आहोत.

त्यानंतर त्याला हलता येत नव्हतं, एवढंच त्याला कळत होतं. गळ्यावर वस्तरा असलेल्या माणसाला हलता येत नाही, हे एका परीनं बरंच होतं. त्यानं डोळे मिटले. मिटल्यावर ओढा होता. हेझलचा ओढा म्हणत त्याला, केंटकीच्या मधोमध, गुडघाभर पाण्याचा, ज्याचं नाव नकाशावर शोधावं लागे. अठराशे त्रेसष्ट सालचा ऑक्टोबर, यादवी युद्धाचं तिसरं वर्ष. पाऊस नव्हता, पानं वाळून रस्त्यावर पडली होती आणि बावीस घोडे चालले तरी कागद चुरगळल्यासारखा आवाज येत होता. उत्तरेच्या बाजूनं लढणारी, निळ्या कोटांतली त्यांची तुकडी, सगळे याच राज्यातले. पलीकडेही याच राज्यातले. शत्रू असा काही वेगळ्या अंगाचा नव्हता, त्याच बोलीत शिव्या द्यायचा, तीच मक्याची भाकरी खायचा. झाडीतून बाहेर आले तर समोर ओढ्यात करड्या कोटांतले पंधरा-सोळा स्वार घोड्यांना पाणी पाजत होते. घोड्यांच्या माना खाली होत्या. एकमेकांच्या घरी चुकून शिरावं तशी माणसं नुसती पाहत राहिली. मग सार्जंट हॉब्ज ओरडला.

पुढचं सारं आठ मिनिटांत झालं. कॅप्टननं घड्याळ पाहिलं होतं, म्हणून आठ. ऑरिनला त्यातलं सलग काही आठवत नसे. आठवत ते तुकडे: एक पत्र्याचा मग पाण्यावर उलटा तरंगत गेला. कुणाचं तरी पिस्तूल नुसतंच टक्क वाजलं, पुन्हा टक्क वाजलं. एक तांबडा घोडा ओढ्यात आडवा पडला आणि त्याच्या पाठीशी पाणी तुंबून चढायला लागलं, जसं एखाद्या बांधाला चढावं. ते चढणारं पाणी तो कितीदा तरी वखारीत बसल्या बसल्या पाही. आणि तो स्वार. तरुण, टोपी उडालेली, समोरासमोर, घोड्याच्या मानेएवढ्या अंतरावर. त्याचे हात. मग आपला हात. इथं ऑरिनच्या आठवणीला एक ठरलेलं वाक्य होतं, रुळलेल्या पायवाटेसारखं, तो त्यावरून डोळे झाकून चालत असे: हात आधीच सुटला होता. माणूस हात वर करतो, पण तोवर तुमची तलवार निघालेली असते. निघालेली तलवार माघारी बोलावता येत नाही. यात कुणाचा दोष नाही. वार बसला तेव्हा मुठीत जे जाणवलं ते मात्र या वाक्यात मावत नव्हतं. पुढं वर्षानुवर्षं वखारीत तंबाखूच्या पानांची प्रत ठरवण्यात गेली. पान दोन बोटांत धरलं की ते कुठल्या उताराचं, किती ओल धरलेलं हे त्याच्या बोटांना कळे. पण ती जाणीव त्याला कशातच पुन्हा सापडली नाही. फक्त एकदा, ओल्या पानांच्या जुडीत कोयता अडकला तेव्हा. त्या दिवशी तो बाहेर जाऊन भिंतीशी उभा राहिला होता आणि लोकांनी समजलं की तंबाखूची धूळ लागली.

"जखम लढाईतली दिसते," एझ्रा मागच्या माणसाला म्हणाला. न्हाव्याला गिऱ्हाईक गप्प बसलेलं चालत नाही.

"हेझलच्या ओढ्यावरची," तो माणूस म्हणाला.

आवाज घोगरा होता, आणि उगाच मोठा. त्यानं आपलं नाव लायमन गॉफ सांगितलं. व्हिस्कीची पिंपं बांधण्याचा धंदा, गेल्या महिन्यातच तो शहराच्या या भागात राहायला आला होता. मग त्यानं गोष्ट सांगितली. ती त्यानं पुष्कळदा सांगितली असली पाहिजे, कारण कुठं थांबायचं, कुठं हसायचं हे सगळं ठरलेलं होतं. ओढ्यात ते सोळा जण होते आणि वरून पन्नास निळे कोटवाले कोसळले. बाकीचे पलीकडे चढून गेले, पण याचा घोडा अडून बसला, तेव्हा यानं तलवार उपसली. समोर एक दांडगा स्वार आला. दोघांचे तीन-चार वार झाले, एकमेकांनी अडवले. पाचव्या वाराला याच्या तलवारीचं पातं मुठीपाशी मोडलं आणि त्या दांडग्यानं संधी साधली. मोडकी मूठ अजून घरी आहे, मुलगी ती भिंतीवर लावते.

ऑरिन ऐकत होता. एझ्रा त्याच्या वरच्या ओठावर वाकला होता, त्यामुळे त्याला दुकानाचं छत तेवढं दिसत होतं. छताच्या फळीवर ओलीचा एक डाग होता. पन्नास नव्हतो रे, तो मनात म्हणत होता, बावीस. दांडगाही नव्हतो, मला कोट मोठा व्हायचा. आणि तलवार कुठली? तलवार तुझ्या म्यानातच होती, तुझ्या मांडीवर तिचा पट्टा होता, मी पाहिला. तुझे हात वर होते. त्याला आश्चर्य वाटलं ते याचं की आपल्याला राग येतो आहे. स्वतःच्या घरात कुणीतरी सामान हलवून ठेवावं तसा राग. सतरा वर्षं हा माणूस त्याच्या लेखी मेलेला होता, ओढ्यात पडताना त्यानं पाहिलं होतं. मेल्यावर हळूहळू तो त्याच्या मालकीचा झाला होता, आणि आता तो उठून बसला आहे आणि त्याच्याजवळ त्याची स्वतःची गोष्ट आहे. त्या गोष्टीत ऑरिन दांडगा होता, शूर होता, बरोबरीचा होता. ती गोष्ट ऑरिनला फार सोयीची होती. नुसतं गप्प बसायचं. जगात ते दोघेच साक्षीदार, आणि फिर्यादीच म्हणतो की गुन्हा झालाच नाही.

"दोन्ही फौजा इथं याच खुर्चीत बसतात, साहेब," एझ्रा वस्तरा पुसत म्हणाला. "तुम्ही लोक घोड्यावर बसून माझ्यासाठी भांडत होतात असं म्हणतात. मला त्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं." त्रेसष्ट साली एझ्रा बार्ड्‌सटाउनच्या एका डॉक्टरच्या मालकीचा गुलाम होता, हे तो कधीतरी सहज बोलून गेला होता. गॉफ हसला नाही. ऑरिनच्या तोंडावर एझ्रानं थंड पाण्याचं फडकं दाबलं, मग खुर्ची सरळ केली. आरशात आता दाढी नव्हती. तो बाविशीतला चेहरा, थोडा सुजलेला, डोळ्यांखाली पिशव्या आलेला, पण तोच. त्याच्या खांद्यावरून मागे गॉफ पाहत होता. पापणी न हलवता पाहत होता. मग तो उठला, आपल्याला काम आठवलं, केस सोमवारी कापू, असं एझ्राला म्हणाला आणि टोपी घेऊन बाहेर पडला.

ऑरिनला घरी जायचं होतं. ड्रुसिलानं वाटेत पांढरी फीत आणायला सांगितली होती, ती कुठल्या दुकानात मिळते हेही सांगितलं होतं. पण पाय गॉफच्या मागे गेले. तो वीसेक पावलं अंतर ठेवून चालत होता. रस्त्यात घोड्याची ट्राम आडवी गेली, एका बाईच्या टोपलीतून कोबी घरंगळला, ऊन तिरपं येऊन दुकानांच्या काचांवर आदळत होतं आणि उघड्या हनुवटीला वारा बोचत होता, जणू सगळे रस्ताभर त्याच्या तोंडाकडेच पाहत आहेत. समोर गॉफची पाठ. मानेचं हाड जरा पुढं आलेलं, ओझं वाहणाऱ्याचं असतं तसं. आपण त्याला काय सांगणार आहोत? क्षमा करा. कशाची? हात आधीच सुटला होता त्याची? ते वाक्य त्यानं चालता चालता म्हणून पाहिलं, आणि आयुष्यात प्रथमच ते त्याला तोंडात कोरड्या पिठासारखं लागलं. आपल्याला त्याच्यासाठी जायचं आहे की आपल्यासाठी? माणसाला सतरा वर्षांत एक शौर्य लाभलेलं आहे, मुलीनं भिंतीवर टांगलेलं आहे, आणि आपण आपलं ओझं उतरवायला म्हणून त्याच्या घरात शिरून ते खाली पाडणार. बरं, परत फिरावं, तर पाय फिरत नव्हते. कोर्टातल्या साक्षीला जाणाऱ्यासारखा तो चालत राहिला.

नदीच्या बाजूला, जिथं मद्याच्या भट्ट्यांचा आंबूस वास सुरू होतो, तिथं एका फाटकाशी गॉफ थांबला आणि न वळताच म्हणाला, "आत या. रस्त्यात बोलण्यासारखं नाही."

आवारात ओकच्या फळ्या उभ्या रचून ठेवल्या होत्या, अर्धवट बांधलेली पिंपं होती, आतून जाळलेल्या लाकडाचा वास होता. मागं छोटं घर, त्याच्या धुराड्यातून धूर निघत होता. गॉफ एका पालथ्या पिंपावर बसला आणि समोरचं पिंप पायानं ऑरिनकडे ढकललं. जवळून वण वेगळा दिसत होता. वणाशेजारची कातडी ओढली गेल्यामुळे डोळा किंचित मिटल्यासारखा राही, माणूस सतत काहीतरी नेम धरून पाहतो आहे असं वाटे.

ऑरिननं आपलं नाव सांगितलं. गॉफला त्या नावाशी काही कर्तव्य नव्हतं. तो म्हणाला की दुकानात शिरलो तेव्हा आरशात अर्धा चेहरा दिसला, ओळखीचा वाटला, पण खात्री होईना. म्हणून ती गोष्ट काढली, नेहमीपेक्षा मोठ्यानं सांगितली, खुर्चीतला माणूस काय करतो ते पाहायला. "तुम्ही काहीच केलं नाहीत," तो म्हणाला. "दुसरा कुणी असता तर विचारलं असतं, मग पुढं काय झालं. लोक विचारतात. तुम्ही विचारलं नाहीत, तेव्हा समजलो."

मग तो बराच वेळ एका फळीची कड अंगठ्यानं चाचपत बसला. जे बोलायचं होतं ते त्यानं मनात पुष्कळदा मांडलं असावं, पण ऐकणारा या जन्मी भेटेल असं धरलं नसावं, म्हणून ते तुकड्यातुकड्यानं आलं. जखमी झाल्यावर तो एका शेतकऱ्याच्या कोठारात दोन आठवडे पडून होता. घरी पोचल्यावर बोलता यायला लागलं तेव्हा त्याच्या आईनं विचारलं, हे कसं झालं. आईला काय सांगायचं? म्हणून तलवारीची गोष्ट सांगितली. मग बापाला, मग गावात, मग लग्नाच्या वेळी सासऱ्याला. मोडकी मूठ एका जुन्या बाजारात मिळाली. सांगता सांगता गोष्टीला हातपाय फुटले, आणि एक दिवस असा आला की डोळे मिटले तर त्याला तेच दिसायला लागलं, हातात तलवार, तीन-चार वार. ते पहिलं, खरं, दिसेनासंच झालं. "पण माझी बायको होती तेव्हा सांगायची," तो म्हणाला, "झोपेत मी दोन्ही हात डोक्यावर घेऊन पडतो. ती हसायची. खाली ओढले तरी पुन्हा वर जातात म्हणायची. आता ती नाही. कोण सांगणार, जातात की नाही ते."

तो पुढं वाकला. "खरं काय ते सांगायला या जगात एकच माणूस आहे. एक विचारतो, तेवढं सांग. माझे हात वर होते का?"

ऑरिनला वाटलं, हा प्रश्न असा नको होता. यानं आरोप केला असता, गळा धरला असता, तर सोपं होतं. आता समोर दोन उत्तरं होती, आणि त्यातलं जे खोटं होतं तेच दयाळू होतं, आणि तेच त्याच्या स्वतःच्याही सोयीचं होतं. नव्हते, म्हटलं की संपलं. हा माणूस सुटेल, मीही सुटेन, मुलीच्या भिंतीवर मूठ राहील. इतकं सगळं एका शब्दात मिळत असताना तो शब्द जिभेवर का येत नाही? फळ्यांच्या राशीवर एक चिमणी बसली होती. ती उडेपर्यंत ऑरिन तिच्याकडे पाहत राहिला.

"होते," तो म्हणाला. "दोन्ही. रिकामे."

गॉफनं मान हलवली. एकदा, मग पुन्हा. त्याच्या चेहऱ्याचा अर्धा भाग सैल पडला, वणाकडचा अर्धा तसाच राहिला. "म्हणजे मला वेड नाही लागलेलं," तो स्वतःशीच म्हणाला. आणि मग, जराही आवाज न चढवता: "बोललो होतो का मी काही?"

हे ऑरिननं कुणालाही सांगितलं नव्हतं. स्वतःलाही सांगायचं टाळलं होतं, त्या पायवाटेच्या वाक्याखाली ते पुरून टाकलं होतं. "म्हणालास, घोड्याचं पाणी पिऊन होऊ दे, मग येतो. घोडा खाली मान घालून पीत होता. एवढ्या गोंधळात तो पीतच होता."

"बेस," गॉफ म्हणाला. "बेस नाव होतं तिचं. घोडी." आणि थोड्या वेळानं, "म्हणजे ऐकलंस तू. ऐकायला वेळ होता."

इथं ते वाक्य उभं होतं, हात आधीच सुटला होता, आणि ऑरिनला दिसलं की त्याच्यामागं काही नाही, जसं नाटकातल्या घराच्या मागं घर नसतं. त्याचा स्वतःचा हात वर होता. वर थांबला होता. त्यानं घोडीच्या गळ्यात घोट उतरताना पाहिलेला होता, एक, दोन, मानेच्या कातडीखालून जाणारा. तेवढा वेळ होता. तो सांगू लागला, आणि सांगताना आपलाच आवाज त्याला दुसऱ्या कुणाचा वाटत होता. ऑगस्टमध्ये एका गिरणीपाशी गोळीबार झाला होता आणि त्याचा घोडा उधळला. घोडा उधळला असं त्यानं सांगितलं, पण लगाम त्यानंच फिरवला होता आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हापासून तुकडीत थट्टा सुरू झाली. रोज संध्याकाळी हॉब्ज तलवारी तपासायचा आणि याची उचलून धरून म्हणायचा, टॅल्बटची पोर अजून कुंवार आहे रे, कुणी स्थळ बघा. जेवताना कुणीतरी लोणी कापायला तिची मागणी करायचं. दोन महिने. "ओढ्यावर सगळं आटपत आलं होतं," ऑरिन म्हणाला. "तुझी माणसं पलीकडे चढली होती. हॉब्ज माघारी फिरायला सांगत होता. आणि माझी तलवार कोरडी होती. समोर तू एकटाच उरला होतास."

नदीवर एक बोट भोंगा देत गेली.

"एवढ्यासाठी," गॉफ म्हणाला.

"एवढ्यासाठी. त्यांनी मला बढती देऊन कॉर्पोरल केलं." मग ऑरिनच्या तोंडून ते निघालंच, वाटभर घोळवलेलं, की मला क्षमा कर, मागायचा हक्क नाही तरी मागतो.

गॉफ उठला. त्यानं हातानं विजारीवरचा भुसा झटकला. "तुझी क्षमा घेऊन मी काय करू? चुलीत घालायला लाकडं पुष्कळ आहेत माझ्याकडे." तो रागावलेला नव्हता. सौदा करणारा माणूस बोलतो तसा बोलत होता. "मी सांगतो तुला काय करायचं ते. आत एफी आहे, माझी मुलगी. चौदाची आहे. तिची आई गेल्यावर तिच्यापाशी माझ्याशिवाय काही नाही, आणि माझ्यापाशी ती गोष्ट सोडून दाखवण्यासारखं काही नाही. पलीकडच्या आळीतली पोरं तिला फाटक्या तोंडाच्याची पोर म्हणतात. ती त्यांना गोष्ट सांगते. तू आत येशील, टेबलाशी बसशील आणि तिला ती तुझ्या तोंडून सांगशील."

"कुठली?"

"तलवारीची. आता खरी कुठली ते आपल्या दोघांना ठाऊक आहे. तेवढं पुरे."

ऑरिन म्हणाला की त्याला ते जमणार नाही. गॉफ म्हणाला, जमेल, हात उगारून थांबण्यापेक्षा सोपं आहे. आणि तो घराकडे चालू लागला, मागं पाहिलं नाही, जणू ऑरिन येणार याबद्दल त्याला शंकाच नव्हती.

स्वयंपाकघरात ऊन शिरलं होतं. एफी पाठमोरी उभी राहून लोखंडी तव्यातून मक्याचा पाव काढत होती. वळली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर बापाचा जबडा होता, अखंड. गॉफ म्हणाला, "एफी, हे मिस्टर टॅल्बट. हेझलच्या ओढ्यावर माझ्यासमोर होते ते." ती हातातलं फडकं तसंच धरून उभी राहिली. ऑरिनला वाटलं, ती आता ओरडेल, निघून जायला सांगेल, आणि तसं झालं तर किती बरं होईल. पण तिनं हात पुसला आणि पुढं केला. तिचा हात गरम होता, पिठाचा होता. म्हणाली, "बाबा म्हणायचे, तो माणूस भेटला तर मी त्याला जेवायला घालीन. मला वाटायचं, उगाच म्हणतात." भिंतीवर, खिडकीच्या वर, ती मोडकी मूठ होती. ऑरिननं एका नजरेत ओळखलं की ती पायदळाच्या अधिकाऱ्याची आहे, घोडदळाची नव्हेच.

कॉफी आली. पावावर काकवी आली. एफीनं दोन्ही कोपरं टेबलावर टेकली, आणि ऑरिननं सांगायला सुरुवात केली. सुरुवात खरी होती, वाळलेली पानं, पाणी पिणारे घोडे, हॉब्जची आरोळी. मग जिथं वळायचं तिथं तो वळला. त्याला भीती होती की शब्द अडतील. काहीच अडलं नाही. तुझ्या वडिलांची घोडी हटून बसली, बाकीचे गेले, हे एकटेच उरले आणि त्यांनी तलवार उपसली. पहिला वार त्यांचा. मी कसाबसा अडवला, मनगट बधिर झालं. हे मनगट बधिर होणं त्यानं आयत्या वेळी घातलं आणि त्याच वेळी मनगटाला खरंच मुंग्या आल्या. गोष्ट कशी वाढते, तिला हातपाय कसे फुटतात हे तो आतून पाहत होता. अजून दोनदा सांगितली तर आपल्यालाही हेच दिसायला लागेल, हे त्याला लख्ख कळलं, आणि मग त्या रिकाम्या हातांना या जगात कोणीच साक्षीदार उरणार नव्हता. गॉफ डोळे मिटून ऐकत होता. एकदाच मध्ये बोलला. ऑरिन म्हणाला, तिसऱ्या वाराला पातं मोडलं, तेव्हा तो म्हणाला, "पाचव्या." "हो, पाचव्या," ऑरिन म्हणाला.

गोष्ट संपली. एफी त्याच्याकडे झुकली. मग तिनं हळू आवाजात, बापाला ऐकू जाणार नाही अशा समजुतीनं, विचारलं, "एक सांगाल? एवढं ते कधी सांगत नाहीत. बाबा घाबरले होते का तेव्हा?"

ऑरिननं गॉफकडे पाहिलं. त्याचे डोळे आता उघडे होते आणि खिडकीबाहेर रचलेल्या फळ्यांवर होते.

"नाही," ऑरिन म्हणाला. "मी घाबरलो होतो."

एफी हसली. शूर माणसं असंच म्हणतात, असं तिला वाटलं असावं. तिनं पावाचा आणखी एक मोठा तुकडा त्याच्या बशीत ठेवला, वर काकवीची धार धरली आणि म्हणाली, खा ना, तुम्ही काहीच घेतलं नाहीत. गॉफनं बशी त्याच्याकडे बोटानं इंचभर सरकवली. ऑरिननं तो तुकडा उचलला, आणि दोघांच्या देखत, शेवटच्या कणापर्यंत खाल्ला.